अधिकार कोणाचा, उणीव कोणाची?

जैमिनीच्या पूर्वमीमांसेचा सहावा अध्याय यज्ञाचा अधिकार कोणाला, हे तपासतो. फळाची इच्छा पुरत नाही, कर्म पार पाडण्याचं सामर्थ्यही हवं, हा तिथला निकष. तुपाकडे पाहणं हे यागाचं अंग; अंधाला ते जमत नाही. विष्णुक्रमाची पावलं पांगळ्याला टाकता येत नाहीत. ज्याचं व्यंग बरं होण्यासारखं नाही, म्हणून त्याचा अधिकार नाकारला जातो. निर्णय कठोर आहे, पण त्यामागे तर्काची शिस्त आहे. वेद अपौरुषेय, विधी बदलण्याची मुभा कोणालाच नाही. त्यामुळे उणीव माणसाच्याच पदरी पडते.

अधिकाराचा हाच प्रश्न आज शिक्षणातही उभा राहतो. कांदिवलीच्या ठाकूर संकुलासारख्या शिक्षणाच्या वस्तीत आता प्रवेशअर्ज, नोट्स, हॉलतिकीट, निकाल असं सगळं संगणकावर मिळतं. अंध विद्यार्थी ते स्क्रीन रीडरकडून वाचून घेतो. कॅप्चा फक्त चित्रात असला किंवा पुस्तकाची पानं नुसती फोटोसारखी पीडीएफमध्ये घातली, की त्याच्या कानी काही पडत नाही. मराठी नोट्स युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टमध्ये असल्या तर निरर्थक अक्षरांची रांग ऐकू येते. पानं अशी मांडण्याचा हा विधी कुठल्या श्रुतीने सांगितलेला नाही, तो माणसांनी ठरवला आहे आणि उद्या बदलता येतो. मग मीमांसेच्याच तर्काने असमर्थ ठरतं ते पान, विद्यार्थी नव्हे.

खर्चाची हरकत फार टिकत नाही. एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो, आणि युनिकोडमध्ये टाइप करायला वेगळे पैसे पडत नाहीत. अशा विद्यार्थ्यांसाठी खास केंद्रं आहेतच, असंही म्हटलं जातं. सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून चालणारं केंद्र खरोखर मोलाचं आहे. पण वर्गातल्या नोट्स वाचता याव्यात म्हणून कांदिवलीहून मरीन लाइन्स गाठावं लागणं, हा अधिकार नव्हे.

गंभीर हरकत वेगळी आहे: सवलतीने परीक्षेचा कस उतरेल. इथे मीमांसेचाच प्रधान (मुख्य कर्म) आणि अंग (त्याला पूरक भाग) हा भेद कामी येतो. नित्यकर्मात सगळी अंगं साधली नाहीत तरी यथाशक्ति केलेलं कर्म मीमांसा मान्य करते. प्रधान मात्र सुटता कामा नये. २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराचा लेखनिक मिळण्याचा हक्क मान्य केला. उत्तर सुचणं प्रधान, हाताने लिहिणं अंग, असंच त्या निकालाचं मर्म मला दिसतं. संगणकावर करायच्या सर्किटच्या प्रयोगात प्रधान काय, प्रवाह कसा वाहतो हे कळणं की माउसने घटक ओढून जोडणं? रेखाटनाच्या विषयात कदाचित हातच प्रधान असेल. तसं असेल तर तेही स्पष्ट सांगावं. हा निवाडा विषय शिकवणाऱ्यांनीच करायचा आहे, आणि तोही प्रवेशाच्या वेळी, हॉलतिकीट हातात पडल्यावर नव्हे.