तुला कोण हाक मारतो?



नीतिसूत्रे या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात (1:10-19) बाप मुलाला सावध करतो. वाईट माणसे तुला सोबत बोलावतील, लुटीत वाटा देऊ म्हणतील. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. हे बोलावणे पूर्वी नाक्यावर येत असे. आता ते मोबाईलमधून थेट मुलाच्या अंथरुणापर्यंत येते.

पुण्यातल्या टोळ्यांचेच पाहू या. हातात कोयता, तलवारीने कापलेला वाढदिवसाचा केक, मागे दणदणीत गाणे, असे रील टाकून गुंड दहशत वाढवतात आणि कोवळ्या पोरांना ‘भाई’ होण्याची भुरळ घालतात. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी गुंडांना आयुक्तालयात बोलावून त्यांची परेड घेतली, तेव्हा रील टाकू नका अशी ताकीदही द्यावी लागली. 12 ऑक्टोबर 2024 रोजी वांद्रे येथे माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांचा खून झाला. दुसऱ्या दिवशी बिष्णोई टोळीच्या नावाने फेसबुकवर जबाबदारी घेणारा मजकूर आला. निरोपांसाठी स्नॅपचॅट वापरले गेले, असे पोलिसांनी सांगितले. तिथले निरोप आपोआप पुसले जातात. गोळ्या झाडल्याच्या आरोपाखाली पकडले गेले ते विशीच्या आसपासचे तरुण. दुसऱ्यासाठी लावलेल्या फासात लावणाराच अडकतो, हे त्या बापाने मुलाला आधीच सांगून ठेवले आहे.

मग मुले का जातात? घरी रोज बोलणी, शाळेत मागचा बाक. अशा मुलाच्या रीलला शंभर लाईक मिळाले की आपण कुणीतरी आहोत असे त्याला वाटते. टोळी ही भूक बरोबर हेरते. पण शंभर जणांनी पाहणे वेगळे आणि एकाने ओळखणे वेगळे. गर्दीला जक्कय फक्त जकातदार म्हणून ठाऊक होता. येशूने वर पाहिले, नावाने हाक मारली आणि तो त्याच्या घरी गेला (लूक 19:1-10). तिथूनच जक्कय बदलला.

म्हणून पालकहो, मोबाईल हिसकावण्याआधी आपण मुलाशेजारी बसू या. तो कोणाचे रील पाहतो, कोणाशी बोलतो, हे प्रेमाने विचारू या. गुंडांचे रील गंमत म्हणूनही पुढे पाठवू नयेत. आपल्या एका लाईकनेही त्यांची पत वाढते. कोणाला धमकी किंवा बोलावणे आले तर ते पुसून न टाकता पोलिसांना दाखवावे. आणि मिस्सेला मागे दाराशी उभा राहणारा तरुण दिसला, तर आज त्याला नावाने हाक मारू या.

प्रभू आपल्या लेकरांना सांभाळो. आमेन.