स्क्रूची पुडी

आमचा समाजसेवेचा क्लब शिरूरचा. नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर पुढचं वाचून निम्मे सभासद माझ्याशी बोलायचे बंद होतील. तालुक्याच्या गावात असतो तसाच तो आहे. दोन-तीन डॉक्टर, एक वकील, खत-बियाण्यांचे दुकानदार, प्लॉटिंगवाले आणि शाळेतून निवृत्त झालेला मी. अक्षर बरं म्हणून सचिवपद माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. जुलैत पदग्रहण होतं, नवा अध्यक्ष गळ्यात ती जड साखळी घालून फोटो काढतो आणि पुढे वर्षभर अहवाल मी लिहितो.

या मंडळींत एक घड्याळदुरुस्तीवाले काका आहेत. बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या पायरीला लागून काचेचं कपाट नि एक स्टूल, एवढंच त्यांचं दुकान. हे क्लबात कसे, असं नवे सभासद हळूच विचारतात. त्याचं उत्तर शिकागोत आहे. १९०५ साली पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने रोटरीची पहिली बैठक भरवली, तेव्हा त्याच्यासोबत एक कोळशाचा व्यापारी, एक खाणकामाचा इंजिनिअर आणि एक शिंपी होता. पुढे बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत फिरू लागली, म्हणून नाव रोटरी. एका धंद्याचा एक माणूस घ्यायचा ही तिथली जुनी रीत. आमच्या पहिल्या अध्यक्षांनी तीच उचलली, गावातले धंदे बोटांवर मोजले, तर घड्याळवाला राहिला होता. तेव्हा मनगटामनगटावर एचएमटी असायची आणि काकांना जेवायला फुरसत नसे. पुढे लोक मोबाइलवर वेळ पाहायला लागले. २०१६ साली सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं, ती बातमी काकांनी कापून कपाटाच्या काचेला आतून चिकटवली होती. वर्गणी मात्र ते अजून वेळेवर भरतात. सभेत दाराजवळच्या खुर्चीवर बसतात, बोलत नाहीत.

गोष्ट घडली त्या वर्षीचे अध्यक्ष फार उत्साही होते. त्यांना मोठा प्रकल्प हवा होता. डोळ्यांचं शिबिर घ्यायचं ठरलं. क्लबांच्या दुनियेत डोळ्यांना मान आहे. १९२५ साली हेलन केलर अमेरिकेतल्या लायन्सच्या अधिवेशनात उभ्या राहिल्या आणि अंधांसाठी शिलेदार व्हा, असं त्यांनी लायन्सना आवाहन केलं. तेव्हापासून लायन्सने ते काम अंगावर घेतलं, आणि त्यांचं पाहून गावोगावच्या इतर मंडळांनीही.

शिबिर कुठे, यावर खल झाला. भीमेवर पारगावचा पूल आहे. अलीकडे आमचा शिरूर तालुका, पलीकडे दौंड. दोन्ही काठांना ऊस, आणि दिवाळीनंतर उसाच्या कडेने ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या. तेव्हा दौंडचा क्लब आणि आम्ही मिळून ऊसतोड कामगारांसाठी शिबिर घ्यावं, असं ठरलं. दौंड रेल्वेचं जंक्शन; तिथल्या क्लबात रेल्वेतून निवृत्त झालेले बरेच. ते नऊ म्हटलं की पावणेनऊला हजर असतात, आणि आमची माणसं दहाला पोचून त्यांच्याच घाईला नावं ठेवतात.

जानेवारीतला रविवार. मांडव, फ्लेक्स, पुण्याहून आलेले डॉक्टर. फ्लेक्सवर कुठल्या क्लबाचं नाव वर, यावरून आदल्या रात्री अकरापर्यंत फोन चालले होते. शेवटी दोन फ्लेक्स लागले.

कोयत्यांची रांग लागली. कोयता म्हणजे हत्यारही आणि जोडपंही; नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. पहाटे तीनला उठलेली ही माणसं दुपारी रांगेत उभ्या-उभ्या पेंगत होती. अक्षरओळख नसलेल्यांसाठी इंग्रजी ‘ई’चा तक्ता होता. डॉक्टर विचारायचे, त्रिशूळाचं तोंड कुठे? माणूस हाताने दाखवायचा. नावं मी लिहून घेत होतो. एका बाईला गाव विचारलं, तर म्हणाली, “शिरूर.”

मी म्हटलं, “इथलं शिरूर?”

“न्हाई, आमचं शिरूर बीडकडचं. कासारांचं.”

शिरूर कासारच्या बाईने शिरूर घोडनदीच्या मास्तरला नाव सांगितलं, आम्ही दोघंही हसलो. चाळिशी लागली होती तिला. दूरचं चांगलं दिसत होतं, जवळचं नाही. प्लस दोनचा चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला. डॉक्टर तिला तांदळातले खडे दाखवणार, तेवढ्यात तिने काय करावं? कडेला खेळणारं पोर बखोटीला धरून आणलं, मांडीवर त्याचा पाय घेतला, मंगळसूत्रातली सेफ्टी पिन काढली आणि टाचेतला काटा उकरायला बसली. पोर बोंबलत होतं. तिला त्याचं काही नव्हतं. काटा निघाला, तो तिने बोटाच्या टोकावर धरून उजेडात पाहिला. “आठ दिस झालं, दिसतच नव्हता,” म्हणाली.

आमचा फोटोग्राफर त्या वेळी व्यासपीठावर होता. पाहुण्यांना शाल घालणं चाललं होतं.

त्या दिवशी १८४ चष्मे वाटले. आमच्या अहवालात मी लाभार्थी १८४ लिहिले. दौंडच्या सचिवांनीही १८४ लिहिले. वरच्या कार्यालयाच्या बेरजेत पारगावच्या पुलापाशी ३६८ चष्मे झाले. प्रत्येकाचा एकेक डोळा शिरूरने आणि एकेक दौंडने घेतला असता, तर हिशेब जुळला असता. पुढे दोन्ही क्लबांना ढाली मिळाल्या. खोटं कुणी बोललं नव्हतं, एवढंच मी स्वतःला सांगत राहिलो.

फेब्रुवारीत अध्यक्ष माझ्याकडे कुरकुरले. “काका रविवारच्या एकाही कार्यक्रमाला येत नाहीत. वृक्षारोपणाला नाहीत, रक्तदानाला नाहीत. विचारा जरा.” दुकानात गेलो. काका उजव्या डोळ्याला भिंग लावून बसले होते, पण पुढ्यात घड्याळ नव्हतं. चष्मा होता. बाजूला बिस्किटांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आणखी वीस-पंचवीस चष्मे. प्रत्येकाला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधलेली, तीवर मुंगीएवढ्या अक्षरात खुणा. ‘तिसरी कोपी, म्हातारी’. ‘मुकादमाची भावजय’. ‘पांढरा बैल, एक शिंग’. नावाने कोण कुणाला सापडणार, टोळीत चार-चार नावं सारखी असतात.

“काड्या निखळल्या,” ते म्हणाले. “आपण वाटले ते स्वस्तातले. डोक्यावर मोळी, घाम, दिवसातून वीसदा काढघाल. बिजागरीचा स्क्रू फिरत फिरत पडतो, उसाच्या पाचटात तो कुठे सापडायचा? काडी दोऱ्याने बांधतात, ती तिरकी बसते, मग डोकं दुखतं, मग चष्मा जातो पेटीत.”

चिमट्याने त्यांनी मोहरीपेक्षा बारीक स्क्रू उचलला, छिद्रात बसवला, पेचकसाने दोन वेढे दिले आणि वर नेलपॉलिशचा एक ठिपका टाकला. मी बघत राहिलो. “सुनेचं आहे,” ते म्हणाले. “वाळलं की स्क्रू हलत नाही.”

पुढच्या रविवारी मी त्यांना मोटारसायकलवर घेऊन न्हावऱ्यावरून पारगावला गेलो. कोप्यांपाशी पोचलो तशी पोरं ओरडत पळाली, घड्याळवाले बाबा आले! काकांनी पोतं अंथरलं, बसले. बाया चष्मे घेऊन आल्या. शिरूर कासारची ती बाई आली, तिचा चष्मा अगदी नवाकोरा, फडक्यात गुंडाळलेला. मला बरं वाटलं. म्हटलं, बाई, छान जपलाय.

“जपलाय कसला,” काका मान वर न करता म्हणाले. “वापरतच नव्हती. मागच्या महिन्यात मी पहिल्यांदा आलो, तेव्हा पेटीच्या तळाशी होता.”

बाई लाजली. “मोडला म्हंजी दुसरा कोण देतंय? तुमी लोक येऊन गेलासा. म्हनलं, गावाकडं लगीन-बिगीन असलं तर घालावा.”

“आणि आता?”

“आता घालते की. बाबा येतेत ना ऐतवारी.” तो फडक्यात यासाठी, की आत्ताच भाकरी थापून उठली होती आणि काचेवर पीठ उडालं होतं.

मी गप्प बसलो. १८४ मधले किती चष्मे त्या घटकेला पेट्यांच्या तळाशी होते, याचा माझ्या अहवालाला पत्ता नव्हता.

परतताना वाटेत चहा घेतला. मी काकांना विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं? ते म्हणाले, “सुचायचं काय त्यात. पोलिओच्या वेळी आपण काय करत होतो?” खरंच होतं. डोसाच्या रविवारी बूथ, आणि मग पुढचे दिवस घरोघर. कोप्या, वीटभट्ट्या, रेल्वेचे फलाट. पोराच्या डाव्या करंगळीला शाई, घराच्या दारावर खडूने ‘पी’. एखादं पोर राहिलं असेल तर ‘एक्स’, आणि ‘एक्स’च्या दारात दुसऱ्या दिवशी पुन्हा. दीड महिन्याने परत तेच दार. लोक कंटाळून म्हणायचे, किती वेळा येता! १३ जानेवारी २०११ ला देशातला शेवटचा रुग्ण सापडला, २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. जगभरच्या रोटरीवाल्यांनी त्यात पैसा ओतला हे खरं. पण आमच्या तालुक्यात मला आठवतात त्या थंड पेट्या खांद्याला लावून पुन्हा त्याच दारात उभ्या राहणाऱ्या अंगणवाडीताई. काका त्यांच्यासोबत असायचे. मी तेव्हाही यादी लिहायला बूथवर बसायचो.

मार्चच्या सभेत अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. टाळ्या झाल्या. अध्यक्ष मनाने चांगले, लगेच म्हणाले, “अरे वा, हा तर वेगळा प्रकल्प होतो! काका, किती चष्मे दुरुस्त केले? आकडा द्या.”

काका उभे राहिले. बहुधा पहिल्यांदाच. “चष्मे नाही मोजले. स्क्रूची पुडी शंभराची होती. ती संपली. दुसरी फोडलीय.”

“खर्च किती?”

“पुडीचा?” काका जरा घोटाळले. “तो काय लिहायचा, शेठ. चहाएवढा पण नाही.”

अहवालाचा छापील फॉर्म माझ्या पुढ्यात होता. लाभार्थी, खर्च, उपस्थित मान्यवर, फोटो जोडावा. मी पेन टोपणात घातलं. त्या महिन्याचा तो कागद कोराच राहिला, आणि वरून कुणी विचारलंही नाही.

एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळ्या बीडकडे गेल्या. जाताना काकांनी मुकादमाच्या पोरीला एक पेचकस, चिमूटभर स्क्रू आणि नेलपॉलिशची बाटली दिली. तिसऱ्या चष्म्यापर्यंत तिचा हात बसला होता. दौंडच्या क्लबातले एक निवृत्त गार्डही आता शिकताहेत. पुलापलीकडच्या कोप्या त्यांनी घेतल्यात, आणि ते अर्थातच ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचतात.

दिवाळी झाली की टोळ्या पुन्हा येतील. ज्यांना यायचं असेल त्यांनी रविवारी दुपारी दोनला काकांच्या कपाटापाशी यावं. फ्लेक्स नसतो. पेचकस आमच्याकडे दोन आहेत. भिंग मात्र ज्याचं त्याने आणावं.