जाळीआडचे पाखरू

केवळ हौसेपायी एखाद्या जिवाला जन्मभर जाळीत ठेवणे न्याय्य आहे काय, असा प्रश्न अलीकडे पलूस परिसरात आम्हांला अधूनमधून विचारला जातो. निमित्त असते बँटम कोंबड्यांचे. कोचीन बँटम, सिल्की अशा या ठेंगण्या जाती. नडगीपासून बोटांपर्यंत पिसांचा झुबका, जणू पायमोजेच घातलेले. बँटम हे नाव जावा बेटावरील बांतेन बंदरावरून आले. कोचीन बँटमचे मूळ मात्र चीनमधले. १८६० साली इंग्रज व फ्रेंच फौजांनी पेकिंगचा ग्रीष्मकालीन राजवाडा लुटला, त्या लुटीतून ही पाखरे युरोपात पोहोचली, अशी कथा सांगतात.

प्रश्नकर्त्याच्या मनात एक समीकरण असते: जाळी म्हणजे बंदिवास, उघडे दार म्हणजे स्वातंत्र्य. गावरान कोंबडीच्या बाबतीत ते पुष्कळसे खरे आहे. ती उकिरडा उकरून पोट भरते, घारीची सावली ओळखते, दिवेलागणीला झाडावर चढून बसते. पण बँटमला कृष्णाकाठच्या काळ्या रानात आषाढात सोडले तर काय होईल? चिखल पायांच्या पिसांत अडकतो, वाळून त्याचे गोळे होतात, बोटे जखडतात. पायांच्या खवल्यांखाली सूक्ष्म कीड शिरते. मुंगसापुढे पळणे तर दूरच. या पाखराचे स्वातंत्र्य म्हणजे कोरडी जमीन, भाताच्या तुसाचा थर, अंग घोळायला माती आणि राख, वर छप्पर. ते जाळीच्या आतच मिळू शकते.

मग दोष कोणाचाच नाही काय? आहे, पण तो जाळी बांधण्यापूर्वीचा आहे. माणसाने आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून या जिवाला परावलंबी केले. आजचा घेणारा म्हणेल, "आम्ही कुठे ते केले?" परंतु बोजा असलेली जमीन विकत घेणाऱ्याला सातबाऱ्यावरील बोजाही घ्यावा लागतो. तसेच हे आहे. पाखराबरोबर त्याची असहायताही घरी येते. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा पिंजऱ्यात हालचालीपुरती पुरेशी जागा मागतो. तेवढ्याने हा बोजा उतरत नाही. (अंड्यांच्या व्यापारी पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला लिहिण्याच्या कागदाएवढीही जागा येत नाही. त्यांच्याविषयी मात्र आम्हांला कोणी विचारत नाही!)

या ऋणाची खरी कसोटी महापुरात लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आपल्याच तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटली, माणसे बुडाली. अशा वेळी नावेत आधी माणूस बसेल, यात तिळमात्र शंका नको. जनावरांना विनाकारण क्लेश देणे माणुसकीला न शोभणारे आहे, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. आणि माणसांच्या दुःखनिवारणाकडे जायला हवा तो पैसा जनावरांवर उधळू नये, असेही त्याच ठिकाणी सांगतो. गावरान कोंबडीची कडी काढली तर घर सोडणारा धनी निदान म्हणू शकतो, "जा, तुझी तू वाच." ती कौलांवर चढेल, फांदी गाठेल. बँटमची कडी काढणे म्हणजे केवळ आपली सुटका. आखूड पंख, भिजलेली पिसे. ते पाखरू दारातच बुडेल. म्हणजे शेवटच्या घटकेचा दयेचा उपायही आपण त्याच्याजवळ ठेवलेला नाही. जे करायचे ते पाणी येण्यापूर्वी, माणसांची घाई सुरू होण्यापूर्वीच केले पाहिजे: खुराडे उंच जोत्यावर हवे, आणि आयर्विनला ४० फुटांची इशारा पातळी गाठली की पाखरे पाहुण्यांकडे माळावर रवाना व्हावीत.

नदीकाठच्या अशा एखाद्या घरी गेलो की रंगीत पिसांचे कौतुक आम्हीही करतो. पण नजर भिंतीकडे जाते: तेवढी पाखरे मावतील एवढे डालगे खुंटीला आहे काय?