देशाच्या रकान्यात मोलगी

डोक्याला मार लागलेला माणूस जगेल का, आणि जगलाच तर कसा, याचा अंदाज देणारा एक हिशेब आहे. ‘क्रॅश’ या आंतरराष्ट्रीय चाचणीतल्या १०,००८ रुग्णांवरून तो बसवला आणि २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. वय, शुद्धीचे गुण, उजेडात बाहुल्या आकसतात का, बाकी अंगाला मोठी इजा आहे का. सीटी स्कॅन झाला असेल तर त्यातलंही थोडं. शिवाय एक रकाना देशाचा. श्रीमंत देशांना एक सूत्र, बाकीच्यांना दुसरं. तीच जखम, पण जागा बदलली की जगण्याची शक्यता बदलते, हे संशोधकांनी गणितातच मान्य केलं. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. फक्त तो देशापाशीच थांबतो. ‘भारत’ लिहिलं की मुंबई आणि नंदुरबारच्या सातपुड्यातलं मोलगी एक.

मोलगी-धडगावच्या पाड्यावरचा जखमी आधी बांबूच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत येतो, मग १०८ ची गाडी, मग घाट. पावसाळ्यात दरड कोसळली की चांदसैली घाटही बंद. नंदुरबारला आता वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी मेंदूचं ऑपरेशन म्हटलं की नातेवाइकांच्या कानावर पडतं ‘रेफर’, आणि गाडी धुळ्याला नाहीतर सुरतेला निघते. ‘क्रॅश’मध्ये मार लागून ८ तासांच्या आत पोचलेलेच घेतले होते. झोळीतून उशिरा आलेला त्या १०,००८ मध्ये नाहीच. वाटेतच गेलेला तर नाहीच नाही.

शुद्धीचे गुणही वाटतात तितके निर्विकार नसतात. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये दिलेली ही पट्टी आज ३ ते १५ अशी. डोळे, बोलणं, हालचाल. बोलण्याचे पुरे ५ गुण हवेत तर आपण कोण, कुठे आहोत, महिना कोणता हे सांगावं लागतं. समजा विचारणारा शिकाऊ डॉक्टर लातूरकडचा आणि खाटेवरची बाई इथली पावरी भाषा बोलणारी. ती उत्तर देते, तो ‘असंबद्ध’ लिहितो. दोन गुण गेले, मेंदूला काही न होता. आणि तोंडाला मोहाच्या दारूचा वास असला तर गुण कोण मोजतंय? ‘उतरली की उठेल’ म्हणत रात्र जाते, कवटीच्या आत रक्त साचत राहतं. दारूनेही शुद्धी कमी होते, खरंच. म्हणून तर पुन्हापुन्हा मोजायचं असतं.

आकडे नकोत असं मी म्हणत नाही. मेंदूची सूज उतरेल म्हणून डॉक्टर वर्षानुवर्षं स्टिरॉइड देत होते. २००४ मध्ये ‘क्रॅश’नेच दाखवलं की त्यामुळे दोन आठवड्यांतले मृत्यू १७.९ टक्क्यांवरून २१.१ वर जातात. नुसत्या अनुभवावर हे कधी कळलं नसतं. भीती वेगळीच आहे. आकडा वाईट आला, म्हणून पुढे पाठवलं नाही, म्हणून माणूस गेला. आणि आकडा बरोबर ठरला!

माणूस जगला तर कसा, हा निकाल बघायचा तो सहा महिन्यांनी. पण दिवाळी झाली की सातपुड्यातले कितीतरी लोक ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल मिळते ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. डोकं दुखणं, चिडचिड, विसराळूपणा एवढंच मागे राहिलं तर कागदावर तो गडी ‘बरा’. उसाची मोळी डोक्यावर घेऊन त्याला फळीवरून ट्रकवर चढता येत नाही, हे कागदाला कुठून कळणार?

रेफर केलेल्या प्रत्येकाची वही नंदुरबारातच ठेवता येईल: मार कधी लागला, झोळीत किती वेळ गेला, प्रश्न कोणत्या भाषेत विचारले, पुढच्या हंगामात कोयता धरला का. त्याला महागडं यंत्र लागत नाही. पाड्यावरच्या आशाताईंना फोन लावावा लागेल, आणि माणूस तोडीला गेला असेल तर मुकादमालाही.