आधीं मजुरी, मग झांज

शास्त्रपाठ : आमोस ५:२१-२४, याकोब ५:४



देवाला स्तवन प्रिय आहे, हें आपण जाणतों. परंतु आमोस संदेष्टा सांगतो कीं, जेथें न्याय तुडविला जातो तेथील वीणेचा नाद देवाला नुसता गोंगाट वाटतो. मग त्याला रुचेल असें गाणें कोणतें?

आपल्या मालवण किनाऱ्याकडेच पाहा. जत्रेंत दशावतारी मंडळी रात्रभर नाटक करितात. पूर्वीं पहाट झाली कीं मुकुट पेटाऱ्यांत जाई, आणि तोच राजा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गांवीं निघे. ‘रात्री राजा, सकाळीं डोक्यावर बोजा’ ही म्हण त्यावरूनच पडली. त्या नाटकांतील देवांविषयीं आपला विश्वास निराळा आहे. पण नटाचे श्रम देवाला दिसतात. त्याचें राजेपण सर्वांनीं पाहिलें. बोजा किती जणांनीं पाहिला?

ह्याच किनाऱ्यावरील पुष्कळ घरांतील कर्ते पुरुष मुंबईच्या कापडगिरण्यांत राबले. त्यांच्या मनिऑर्डरीवर येथील चुली पेटल्या. त्या कामकऱ्यांचें दुःख शाहिरांनीं डफावर घेतलें. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनीं १९४४ सालीं लाल बावटा कलापथक काढलें. अण्णा भाऊ स्वतः गिरणींत खपलेले. शाळा त्यांस लाभली नव्हती म्हटलें तरी चालेल. गाण्यानें कोणाचें पोट भरत नाहीं, हें खरें. परंतु जो एकटा सोशीत होता, त्याला आपण एकटे नाहीं हें गाण्यानें कळलें. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुष्कळांना गिरणीचें दार पुन्हां उघडलेंच नाहीं, आणि कोंकणांतील कित्येक चुली थंडावल्या.

तो बावटा आपला नव्हे, असें कोणी म्हणेल. पण ती हांक याकोबाच्या पत्रांतही आहे : अडकवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते, आणि देव तें ऐकतो.

उपदेशक बंधूंनो, कोंकणांत जन्मलेले रे. नारायण वामन टिळक यांनीं अभंग व कीर्तन प्रभूच्या सेवेस लाविलें. आपल्याही कीर्तनांत रापणीची दोरी ओढणारे हात व काजूच्या बागेंत वांकलेली पाठ येऊं द्या. मात्र प्रथम घरीं पाहा. आपल्या अंगणांत खपलेल्या बाईचा रोज बाकी आहे काय? असल्यास तो आधीं द्या, आणि मग झांज हातीं घ्या. तें गाणें देव ऐकेल.

तसें करण्यास प्रभु आपणां सर्वांस कृपा देवो. आमेन.