तांबटाचे भाऊबंद

टूकन म्हटले की आपल्याला धनेश आठवतो. मोठी बाकदार चोच, फळांची आवड, ढोलीतले घरटे. पण धनेश नात्याने हुदहुदाच्या जवळचा. दक्षिण अमेरिकेतल्या टूकनचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे तांबट, पौड रस्त्यावरच्या भूगावसारख्या गावात वडा-उंबरावर उन्हाळाभर टुक्-टुक् करणारा हिरवा, मूठभर पक्षी. टूकन हे अमेरिकेतल्या तांबटांच्याच घराण्यातून निघाले, हे पक्षीशास्त्रज्ञ रिचर्ड प्रम यांनी १९८८मध्ये शरीररचनेवरून मांडले आणि जनुकीय अभ्यासाने त्याला पुढे दुजोरा मिळाला.  ही वंशावळ अभ्यासकांपुरती नाही. तांबट सुतारपक्ष्याच्या गणातला आहे, आणि सुतारपक्ष्याप्रमाणेच तो धनेशासारखी आयती ढोली शोधत नाही, स्वतः कोरतो. आणि त्याच्या आखूड चोचीला त्यासाठी वाळलेली किंवा मऊ लाकडाची फांदीच लागते.

जागतिक लाल यादीत तांबट आणि त्याचा भाऊबंद टोको टूकन दोघेही ‘किमान चिंता’ या वर्गात आहेत. तो शेरा खरा आहे, पण साऱ्या प्रजातीबद्दल. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत संख्या तीस टक्क्यांनी घटली, तर त्या निकषावर पक्षी ‘असुरक्षित’ ठरतो. पौड रस्त्याकाठच्या एका गावातून तांबट नाहीसा झाला, तरी या हिशेबात काहीच हलणार नाही. म्हणून हा शेरा भूगावपुरता अभय म्हणून वाचणे चूक आहे. कोणी म्हणेल, तांबट शहरातही टिकतो; पैसा आणि माणसे २०१८पासून ‘असुरक्षित’ ठरलेल्या राजधनेशासाठी वापरा. पैशाबद्दल हे म्हणणे मला मान्य आहे. पण तांबटासाठी पैसा लागतच नाही. तो शहरात टिकतो तो जुन्या झाडांच्या वाळक्या फांद्यांवर, आणि नव्या सोसायटीच्या आवारात पहिली कुऱ्हाड पडते ती नेमकी त्यांवर. पार्किंगवर किंवा वाटेवर झुकलेली फांदी उतरवावीच लागेल, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. मात्र कुंपणाकडच्या, कोणाच्या डोक्यावर नसलेल्या वाळक्या फांदीला केवळ ती वाईट दिसते म्हणून छाटायचे कारण नाही. तिच्यातल्या, तांबटाने सोडलेल्या ढोलीत पुढे दुसरे पक्षीही संसार मांडतात.