यजमानाला बदली नाही

मुखत्यारपत्राची मराठी ठरलेली असते. ‘कारणें मुखत्यारपत्र लिहून देतो ऐसा जे की’ इथून सुरुवात, मग सदनिकेचा तपशील, चतुःसीमा, बँकेची खाती, आणि शेवटी ते नेहमीचं कलम: मुखत्यार जे जे करतील ते ते मी स्वतःच केलं असं समजून मला मान्य व बंधनकारक राहील. डोंबिवलीतून परदेशी निघालेला इंजिनिअर हा कागद आईवडिलांना लिहून देतो आणि विमानात बसतो. घरात फारशी चर्चा होत नाही. लष्करातल्या जवानाच्या घरी मात्र याच कागदावरून सुट्टीचे चार दिवस जातात. बायकोला द्यायचं, आईला की धाकट्या भावाला? एखादा मामा हमखास विचारतो, “अरे, सगळं तिच्या हातात दिलंस तर तुझ्या हातात काय उरलं?”

मामाचा प्रश्न व्यवहाराचा वाटतो, पण तो धर्मशास्त्राचाही आहे आणि तिथे त्याचं उत्तर फार जुनं आहे.

आधी अडचण कुठे येते ते पाहू. जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची नैमित्तिक रजा असते, तीही युनिटच्या सोयीनं मिळते. घराचा ताबा, कर्जाचा हप्ता, सोसायटीचा पुनर्विकास, गावच्या सातबाऱ्यावरची वारसनोंद यांपैकी काहीही त्या रजेची वाट पाहत नाही. कायद्याला सैनिकाची गैरहजेरी ठाऊक नाही, असंही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतला २८ वा आदेश खास सैनिक, नौसैनिक आणि वायुसैनिकांसाठी आहे: रजा मिळत नसेल तर कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून तो आपल्या वतीनं दावा लढवायला कुणालाही नेमू शकतो. पण घर विकायचं ठरलं की ही सवलत कामाला येत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त नोंदवण्यासाठीचं मुखत्यारपत्र निबंधकासमोर सही करून साक्षांकित व्हावं लागतं. कलम ३३ हजेरीतून सूट देतं ती प्रकृतीमुळे येऊ न शकणाऱ्यांना, तुरुंगात असलेल्यांना आणि न्यायालयातल्या हजेरीतून कायद्यानंच मोकळीक दिलेल्यांना. कैद्याचा विचार झाला आहे, सियाचीनच्या चौकीचा नाही.

म्हणून कल्याणच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जवान स्वतः येतो. टोकन घेतो, वेबकॅमसमोर बसतो, अंगठा टेकवतो. शेजारी पत्नी, मागे दोन साक्षीदार. मामा बाहेर चहा पीत असतात.

आता शास्त्राकडे. जैमिनीच्या पूर्वमीमांसेतला सहावा अध्याय यज्ञाचा अधिकार कुणाला, याची चर्चा करतो. त्याच्या पहिल्या पादात आक्षेप घेणारा म्हणतो की स्त्रीला यज्ञाचा अधिकार असूच शकत नाही, कारण यज्ञाला द्रव्य लागतं आणि तिचं स्वतःचं असं काही नसतं. विवाहात तीच मोल देऊन आणलेली, आणि तिनं मिळवलं तरी ते नवऱ्याचं. जैमिनी हे फेटाळतो. वधूपक्षाला दिलेलं ते मोल नव्हे, स्त्री द्रव्याची स्वामिनी आहे, आणि पतिपत्नी यज्ञ करतात तो मिळून एकच. तिसऱ्या पादात विषय बदलतो आणि प्रतिनिधीचा प्रश्न येतो. ठरलेलं साहित्य मिळालं नाही तर त्याच्या जागी दुसरं चालतं का? तांदळाच्या जागी रानतांदूळ चालतो. देवतेला मात्र पर्याय नाही, अग्नीला नाही, मंत्राला नाही आणि यजमानालाही नाही. फळ ज्याला मिळायचं त्याच्या जागी दुसरा कुणी उभा राहू शकत नाही.

ही दोन अधिकरणं, म्हणजे या दोन चर्चा, शेजारी ठेवून वाचल्या की मामाच्या प्रश्नाचा पायाच हलतो. यजमानाला बदली नाही, आणि पत्नी स्वतः यजमान आहे. मग ती नवऱ्याची प्रतिनिधी कशी? ती त्याच्या जागी उभी नसते, स्वतःच्या जागी उभी असते.

यज्ञाचा न्याय टू-बीएचकेला लावायचा का, असं कुणी विचारेल. तो लावायचं काम आपस्तंबानं आधीच केलं आहे. त्याच्या धर्मसूत्रात पतिपत्नींत वाटणी नसते असं सांगून त्यांची सोबत कर्मात, पुण्यफळात आणि द्रव्याच्या संपादनातही गणली आहे. पुढचा दाखला तर नेमका आपल्या विषयाचा आहे: नवरा प्रवासात असताना प्रसंगोपात पत्नीनं दान दिलं तर त्याला चोरी म्हणत नाहीत. सूत्रकारानं परवानगीचं पत्र मागितलेलं नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या वचनांचा परामर्श घेतला आहे. जिज्ञासूंनी तो मुळातून पाहावा.

परंपरा इतकी सरळ असती तर बरं झालं असतं. याज्ञवल्क्यस्मृती नवरा परगावी असलेल्या स्त्रीला खेळ, नटणं, उत्सव पाहणं, हसणं आणि परघरी जाणं वर्ज्य सांगते. म्हणजे एका ग्रंथात तिच्या दानाला चोरी म्हणायचं नाही आणि दुसऱ्यात तिनं हसायचंही नाही. जैमिनीसुद्धा तिला यजमानपद देऊन लगेच पुढे मंत्रांच्या बाबतीत ती पतीच्या तोडीची नाही असं सांगतो. मनू मात्र व्यवहारी आहे. प्रवासाला जाणाऱ्यानं बायकोच्या चरितार्थाची सोय करून जावं, नाहीतर तिनं निर्दोष अशा हस्तव्यवसायावर जगावं, असं तो म्हणतो. वचनांची निवड करावीच लागते, आणि आजच्या घराला लागू पडतो तो आपस्तंब, हे उघड आहे. बँकेच्या रांगेत उभी राहणारी, पाणीपट्टी भरणारी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडणारी बाई याज्ञवल्क्याच्या नियमावर घर चालवू शकणार नाही. शिवाय मराठी लग्नात धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत हिला डावलून वागणार नाही, असं ‘नातिचरामि’ म्हणून वचन देतो तो वर. त्या तिघांत अर्थ मधोमध आहे.

सरकारी कायदाही याच बाजूला झुकतो, फक्त वेगळ्या कारणानं. कल्याण-डोंबिवलीत कुलमुखत्यारपत्र म्हटलं की आधी बिल्डर आठवतो: जागामालकानं विकसन करार केला, सोबत मुखत्यारपत्र दिलं आणि इमारत उभी राहिली. कागदावर विसंबण्याची किंमत या शहरांना ठाऊक आहे. खोट्या परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या ६५ इमारतींवर कारवाईचा उच्च न्यायालयाचा आदेश २०२४ च्या नोव्हेंबरातला आहे. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प खटल्यात मुखत्यारपत्रावरून मालकी हस्तांतरित होत नाही असं ठणकावलं, पण त्याच निकालात पती-पत्नी, मुलं, भावंडं यांना कारभारासाठी दिलेल्या खऱ्या मुखत्यारपत्रांना धक्का लागणार नाही हेही स्पष्ट केलं. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यातही तोच भेद आहे. स्थावर विकण्याचा अधिकार मोबदला न घेता जवळच्या नातलगाला दिला तर किरकोळ शुल्क, परक्याला दिला तर थेट खरेदीखताचं.

मात्र मुखत्यारपत्रानं हात उसना देता येतो, आठवण देता येत नाही. जानकी वाशदेव भोजवानी विरुद्ध इंडसइंड बँक या खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की जे फक्त मूळ व्यक्तीला माहीत आहे त्याबद्दल मुखत्यार तिच्या ऐवजी साक्ष देऊ शकत नाही. न्यायाधीशांनी मीमांसेचा आधार घेतला नव्हता, तरी निष्कर्ष तिसऱ्या पादाच्या शेजारी जाऊन बसतो.

या कागदाचा खरा दोष पुढेच आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की मूळ व्यक्ती मरण पावली किंवा तिची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवशी जवानाच्या पत्नीला कागद सर्वांत जास्त लागणार त्याच दिवशी तो रद्दी होतो. लेफ्टनंट कर्नल करणबीरसिंग नट हे २०१५ च्या नोव्हेंबरात कुपवाड्यात जखमी झाले आणि २०२३ च्या डिसेंबरात मृत्यू येईपर्यंत कोमात होते. अशा माणसाच्या वतीनं सही कोण करणार? भारतात कोमातल्या रुग्णासाठी स्वतंत्र पालकत्व कायदा नाही. केरळ उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, मुंबई उच्च न्यायालयानं २०२० मध्ये कोमातल्या पतीची पालक म्हणून पत्नीला नेमलं. दोन्हीकडे पत्नींना रिट याचिका करावी लागली.

बेपत्ता सैनिकाची गत याहून अवघड. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचं सुखोई विमान ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोटवर पडलं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्कारप्राप्त. पाकिस्तानात कैदेत असल्याचं मानल्या गेलेल्या ५४ जणांच्या यादीत तांबे यांचं नाव आहे; पाकिस्ताननं ते सतत नाकारलं. दमयंतीबाई शोध घेत राहिल्या. २००७ मध्ये नातेवाइकांचं शिष्टमंडळ तिथल्या तुरुंगांत जाऊन आलं, त्यातही त्या होत्या. पुरावा कायदा सात वर्षं खबर नसलेल्या माणसाला मृत मानू देतो. मनूनं धर्मकार्यासाठी गेलेल्या नवऱ्याची आठ वर्षं वाट पाहायला सांगितली होती. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाईंनी तर कुणाचाच हिशेब मानला नाही आणि वैधव्य पत्करलं नाही. पण मृत मानण्यासाठी अर्ज करायचा तो बहुतेकदा पत्नीनंच. जिला नवरा गेला असं म्हणायचं नाही, तिच्या हातात करार कायदा काय ठेवतो? कलमात मृत्यू आहे, बुद्धिभ्रंश आहे, बेपत्ता होणं नाही.

अमेरिकेनं या जागी साधी दुरुस्ती केली. तिथल्या कायद्यात बेपत्ता सैनिकानं सेवेत असताना पती-पत्नीला किंवा आईवडिलांना दिलेलं मुखत्यारपत्र तो बेपत्ता असेतोवर आपोआप लांबतं, मुदत संपली तरी. आपल्याकडे असं कलम घालायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही. फक्त मागणारं कुणी नाही.

आईचा मुद्दा मात्र टाळता येणार नाही. २०२४ च्या जुलैत कॅप्टन अंशुमान सिंग यांच्या मरणोत्तर कीर्तिचक्रानंतर त्यांच्या आईवडिलांनी निकटतम नातलगाचे नियम बदला अशी मागणी केली, आणि देशभर सासू-सुनेच्या बाजू घेतल्या गेल्या. म्हाताऱ्या आईवडिलांचा निवृत्तिवेतनावर, भरपाईवर हक्क असावा हे रास्तच आहे. पण त्यासाठी पत्नीचा कारभार काढून घ्यायची गरज नाही. वाटा आणि कारभार या दोन गोष्टी आहेत. मुरबाड-शहापूरकडे सामायिक शेतजमिनीत भावाला दिलेलं सर्वाधिकाराचं पत्र किती महागात पडू शकतं हे गावकऱ्यांना सांगावं लागत नाही. तरी ‘उद्या तिनं विकलं तर?’ हा प्रश्न भावाच्या बाबतीत क्वचितच ऐकू येतो.

पती मुखत्यार होण्याबाबत तर तो विचारलाच जात नाही. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये गुरेझमध्ये शहीद झाले. त्यांच्या पत्नी कनिका राणे २०२० च्या नोव्हेंबरात चेन्नईच्या प्रबोधिनीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. आज ठाणे जिल्ह्यातली एखादी अधिकारी सीमेवर असेल आणि नवरा डोंबिवलीत घर सांभाळत असेल. त्याला कुलमुखत्यारपत्र द्यावं का, यावर कुठला मामा चार दिवस घालवेल?

डोंबिवलीतल्या सोसायटीत हा कागद दाखवून पाहावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेत मुखत्यारपत्रधारकाला बसता येत नाही. पुनर्विकासाचा ठराव त्याच सभेत होतो. मात्र सदनिकेवर आणि भागपत्रावर दोघांची नावं असतील तर पहिल्या नावाच्या गैरहजेरीत दुसरं नाव मतदान करतं. इथं सहकार कायदा जैमिनीच्या पहिल्या पादाशी जुळतो: बदली चालत नाही, सहस्वामिनी चालते. आणि हे नाव पतीच्या मृत्यूनंतर किंवा कोमानंतरही पुसलं जात नाही. जवानानं नेमक्या कामांपुरतं, मुदतीचं विशेष मुखत्यारपत्र पत्नीला जरूर द्यावं. पण त्याच रजेत तिचं नाव घरावर चढवावं. मुखत्यारपत्र केव्हाही रद्द करता येतं, म्हणून घरात ते भांडणाचं हत्यार होतं. नाव सहजी काढता येत नाही.

राहिली उलट्या दिशेची गोष्ट. १८८२ च्या मुखत्यारपत्र कायद्याच्या पाचव्या कलमानं विवाहित स्त्रीला, जणू तिचं लग्न झालेलंच नाही अशा रीतीनं, स्वतःचा मुखत्यार नेमण्याचा अधिकार दिला. कल्याणच्या जोशांच्या घरातल्या आनंदीबाई डॉक्टर व्हायला बोटीत बसल्या त्याच्या आदल्या वर्षीचा हा कायदा. १९९४ पासून महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क आहे, त्यामुळे मुरबाडच्या माहेरच्या सातबाऱ्यावर जवानाच्या पत्नीचंही नाव असतं. तिथल्या कामासाठी ती भावाला किंवा बहिणीला मुखत्यार नेमते. नवरा तेजपूरला, त्याला नेमून सही कोण करणार?